टाय कॉब की होनस वॅग्नर? शंभर वर्षांपूर्वीच्या दोन बेसबॉलपटूंचे आकडे कसे ताडून पाहावेत

माझा भाचा मिशिगनमध्ये वाढला. त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा डेट्रॉइटच्या कोमेरिका पार्कमध्ये त्याने मला टाय कॉबचा पुतळा दाखवला आणि म्हणाला, "मामा, याच्यासारखा दुसरा झाला नाही." पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरबद्दल मी थोडं वाचलं होतं, म्हणून सहज त्याचं नाव काढलं. पठ्ठ्याने लगेच फोनवर दोन आकडे काढून माझ्यासमोर धरले. कॉबचे हिट, म्हणजे चेंडू मारून धावेच्या वाटेतल्या टप्प्यावर (बेसवर) सुखरूप पोचण्याच्या खेपा, ४१८९, वॅग्नरचे ३४२०. "विषय संपला!"

मला ते पटेना. रेडिओवर कसोटी ऐकत ऐकत धावफलक वहीत उतरवण्यात माझं बालपण गेलं. हे ७६९ हिट जास्तीचे आले कुठून, हे कळल्याशिवाय मान डोलावणं मला जमणार नव्हतं. पण बेसबॉलचे आकडे तेव्हा वाचताच येत नव्हते. परत आल्यावर एक जुनी लांबलचक वही काढली, दोन रकाने आखले आणि शिकत गेलो. त्या वहीतली पद्धत इथे देतो आहे. क्रिकेट कळणाऱ्या कुणालाही ती जमेल. कागद, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर पुरे.

आधी माणसं ओळखून घ्या

टाय कॉब १८ डिसेंबर १८८६ ला जॉर्जियात जन्मला. डावखुरा फलंदाज, आउटफिल्डमध्ये म्हणजे मागच्या मोकळ्या मैदानात उभा राहणारा. १९०५ ते १९२६ डेट्रॉइट टायगर्सकडे आणि शेवटची दोन वर्षं फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सकडे खेळला. म्हणजे सगळी कारकीर्द अमेरिकन लीगमध्ये.

होनस वॅग्नर त्याच्याहून जवळजवळ तेरा वर्षांनी मोठा, जन्म २४ फेब्रुवारी १८७४. पिट्सबर्गजवळच्या खाणपट्ट्यात जर्मन आई-बापांच्या घरी वाढला, पोरवयात कोळशाच्या खाणीत राबला. १८९७ ते १८९९ लुइव्हिलकडे, मग १९०० ते १९१७ पिट्सबर्ग पायरेट्सकडे. सगळी कारकीर्द नॅशनल लीगमध्ये. उजव्या हाताचा फलंदाज, आणि जागा शॉर्टस्टॉप. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यापाशी येऊन अडणार आहे.

दोघं दोन वेगळ्या लीगमध्ये, म्हणजे नेहमीच्या मोसमात समोरासमोर कधी आलेच नाहीत. ही पहिली अडचण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कॉबने ज्यांचे चेंडू मारले ते पिचर, म्हणजे गोलंदाज, वेगळे, वॅग्नरने मारले ते वेगळे.

सरासरी म्हणजे काय, ते नव्याने शिका

आपल्याकडच्या माणसाचा पाय पहिल्यांदा घसरतो तो इथे. क्रिकेटची सरासरी म्हणजे धावा भागिले बाद झालेल्या खेपा. बेसबॉलच्या बॅटिंग सरासरीत धावा येतच नाहीत. किती वेळा बॅट धरून उभा राहिला आणि त्यातले किती हिट झाले, एवढंच ती सांगते. दहापैकी तीन वेळा हिट म्हणजे ०.३००, आणि एवढी सरासरी वर्षानुवर्षं राखणारा चांगलाच फलंदाज मानतात. दहापैकी सात वेळा हात हलवत परत येणारा माणूस उत्तम, हे पचायला मला महिना लागला.

बॅट धरून उभं राहण्याच्या ज्या खेपा हिशेबात धरतात, त्यांना अ‍ॅट-बॅट म्हणतात. पिचरने चार चेंडू वाईट टाकले तर फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो, तो वॉक. वॉक अ‍ॅट-बॅटमध्ये धरत नाहीत. चेंडू अंगाला लागून बेस मिळाला तर तोही नाही.

आता एक मोसम हाताने सोडवून बघू. वॅग्नरचं १९०८ हे वर्ष घ्या. अ‍ॅट-बॅट ५६८, हिट २०१. भागाकार केला की ०.३५४. ही झाली बॅटिंग सरासरी.

त्या २०१ हिटमध्ये ३९ डबल होते, म्हणजे फलंदाज थेट दुसऱ्या बेसवर पोचला. १९ ट्रिपल आणि १० होम रन. सरासरीला या फरकाची फिकीर नाही, तिच्या लेखी एक बेस आणि चार बेस सारखेच. म्हणून स्लगिंग काढायचं. २०१ मध्ये डबलसाठी एक-एक जादा म्हणजे ३९, ट्रिपलसाठी दोन-दोन म्हणजे ३८, होम रनसाठी तीन-तीन म्हणजे ३० मिळवा. ३०८ बेस झाले. भागिले ५६८, उत्तर ०.५४२.

राहिलं ऑन-बेस. बाद न होता बेसवर कितीदा पोचला, हे ते दाखवतं. हिट २०१, वॉक ५४, अंगाला चेंडू लागला ५ वेळा, एकूण २६०. खाली ५६८ मध्ये तेच ५४ आणि ५ मिळवून ६२७. भागाकार ०.४१५. ही तीन उत्तरं स्वतःच्या हाताने एकदा काढाच. नुसतं वाचून ती डोक्यात राहत नाहीत.

एवढं झालं की पूर्ण कारकिर्दीचा तक्ता आखा. माझ्या वहीतला असा आहे (चोरलेला बेस म्हणजे फटका नसताना धावून गाठलेला पुढचा बेस):

| | कॉब | वॅग्नर |
|---|---|---|
| वर्षं | १९०५–१९२८ | १८९७–१९१७ |
| सामने | ३०३४ | २७९४ |
| हिट | ४१८९ | ३४२० |
| डबल | ७२४ | ६४३ |
| ट्रिपल | २९५ | २५२ |
| होम रन | ११७ | १०१ |
| चोरलेले बेस | ८९७ | ७२३ |
| बॅटिंग सरासरी | ०.३६६ | ०.३२८ |
| ऑन-बेस | ०.४३३ | ०.३९१ |
| स्लगिंग | ०.५१२ | ०.४६७ |

एकही ओळ वॅग्नरच्या बाजूची नाही. इथेच वही मिटली असती तर भाचा जिंकला होता.

सगळे आकडे एकाच ठिकाणाहून घ्या

मी सुरुवातीला एक चूक केली होती. कॉबचे हिट एका संकेतस्थळावरून घेतले, वॅग्नरचे दुसऱ्या. मग बेरजा जुळेनात. कॉबचे हिट एकीकडे ४१८९ दिसतात, तर मेजर लीग बेसबॉलच्या अधिकृत नोंदीत ४१९१. वॅग्नरचे जुन्या-नव्या याद्यांमध्ये ३४१५ पासून ३४३० पर्यंत कुठेही सापडतात. आधी मला वाटलं, छपाईतल्या चुका असतील. पण कॉबच्या त्या दोन हिटमागे जी हकिकत आहे ती कळली आणि जुन्या काळचे आकडे बघण्याची माझी नजरच बदलली. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९१० साली चाल्मर्स नावाच्या मोटार कंपनीने जाहीर केलं की सर्वांत चांगली बॅटिंग सरासरी असणाऱ्याला गाडी बक्षीस. अमेरिकन लीगमध्ये चुरस होती कॉब आणि क्लीव्हलँडचा नॅप लाजवे यांच्यात. कॉबने आपली सरासरी सुरक्षित आहे असं समजून शेवटचे दोन सामने खेळलेच नाहीत. लाजवेचे ९ ऑक्टोबरला सेंट लुइसविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने होते. कॉब बऱ्याच खेळाडूंच्या मनातून उतरलेला होता. सेंट लुइसच्या मॅनेजरने आपल्या नवख्या तिसऱ्या बेसवाल्याला, रेड कॉरिडनला, पार मागे गवतात उभं राहायला सांगितलं. पुढची सगळी जागा मोकळी. लाजवेने एक चेंडू जोरात मारला, आणि मग बॅट नुसती आडवी धरून चेंडू हलकेच तिसऱ्या बेसकडे सोडत राहिला. कॉरिडन धावत पुढे येईपर्यंत हा पहिल्या बेसवर पोचलेला. दिवसाअखेर आठ हिट. बोभाटा झाला, त्या मॅनेजरची नोकरी गेली. लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी हिशेब करून सांगितलं की कॉब ०.३८५, लाजवे ०.३८४. कॉब पहिला. कंपनीने दोघांनाही गाडी दिली.

सत्तर वर्षांनी जुन्या हस्तलिखित नोंदवह्या चाळताना पीट पामर या संशोधकाच्या लक्षात आलं की त्या वर्षी डेट्रॉइटचा एक सामना कॉबच्या खात्यावर दोनदा चढवला आहे. त्या सामन्यात कॉबचे तीन अ‍ॅट-बॅटमध्ये दोन हिट होते. म्हणजे दोन हिट जास्तीचे. ते काढले की १९१० मध्ये लाजवे पुढे जातो आणि कॉबच्या कारकिर्दीचे हिट ४१८९ होतात. १९८१ मध्ये हे छापून आलं. तेव्हाचे कमिशनर बोवी क्यून यांनी नोंद बदलायला नकार दिला. आजही कॉबचे फलंदाजीचे किताब, म्हणजे लीगमध्ये सरासरीत पहिला आलेले मोसम, कुणी १२ धरतं, कुणी ११.

याचा परिणाम कुठवर गेला बघा. ११ सप्टेंबर १९८५ ला पीट रोझने ४१९२ वा हिट मारून कॉबचा विक्रम मोडला तेव्हा सगळं सिनसिनाटी उभं राहून टाळ्या वाजवत होतं. पण खरा आकडा ४१८९ धरला, तर रोझने कॉबला तीन दिवस आधीच, शिकागोत, मागे टाकलं होतं. त्या दिवशी कुणाला पत्ताही नव्हता. एका कारकुनाने एक ओळ दोनदा लिहिली, त्याची ही कथा.

तेव्हा नियम असा करा: एक ठिकाण निवडा, त्याचं नाव पानाच्या डोक्यावर लिहा आणि दोघांचेही सगळे आकडे तिथलेच घ्या. मी बेसबॉल रेफरन्स वापरतो. ते फुकट आहे आणि त्यात दुरुस्त आकडे घेतलेले असतात. दुसऱ्या ठिकाणी दोन-चारचा फरक दिसला तर घाबरू नका, पण मिसळू नका.

दोघांना एकाच वयापासून मोजा

आता या वहीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट.

कॉब मोठ्या लीगमध्ये उतरला तेव्हा १८ वर्षांचा होता. वॅग्नर उतरला २३ व्या वर्षी. कॉबला पाच मोसम आधीच मिळाले. मग वॅग्नरचे २३ व्या वर्षापासूनचे हिट कॉबच्या १८ व्या वर्षापासूनच्या हिटशी का ताडायचे? कॉबचे पहिले पाच मोसम, १९०५ ते १९०९, बाजूला काढून बघा. त्यांत हिट आहेत अनुक्रमे ३६, ११३, २१२, १८८ आणि २१६. बेरीज ७६५.

४१८९ वजा ७६५ म्हणजे ३४२४.

वॅग्नरचे ३४२०.

रात्री साडेअकराला हे उत्तर आलं तेव्हा मी वजाबाकी तीनदा करून पाहिली. ज्या ७६९ हिटच्या जोरावर भाच्याने विषय संपवला होता, त्यातले ७६५ हे लवकर सुरुवात केल्याचे होते. २३ व्या वर्षापासून मोजलं तर दोघांच्या हिटमध्ये चारचा फरक उरतो.

पण तिथेच थांबून वॅग्नरला बरोबरीचा म्हणू नका, कारण त्याच हिशेबाची दुसरी बाजूही लिहावी लागते. कॉबने ते ३४२४ हिट सुमारे ९१७० अ‍ॅट-बॅटमध्ये मारले. वॅग्नरला ३४२० साठी सुमारे १०४४० लागले. म्हणजे २३ व्या वर्षानंतरच्या कॉबची सरासरी ०.३७३ च्या आसपास, वॅग्नरची तीच ०.३२८. एकूण सारखं, वेग वेगळा. शिवाय १८ व्या वर्षी मोठ्या लीगमध्ये टिकणं ही स्वतः एक कर्तबगारी आहे, तिचं श्रेय कॉबकडून कुणी काढून घेऊ नये. वयाच्या हिशेबातून एवढंच कळतं की कारकिर्दीच्या बेरजेत माणूस किती वर्षं खेळला हे फार मोठ्या प्रमाणात मिसळलेलं असतं.

काळ आणि चेंडू

कॉबने तीन मोसमांत ०.४०० ओलांडले: १९११, १९१२ आणि १९२२. वॅग्नरने एकदाही नाही, त्याचा सर्वोत्तम मोसम १९०० चा ०.३८१. मग कॉब मोठा? आधी ते मोसम कसे होते ते पाहू.

१९२० च्या आधीच्या काळाला बेसबॉलमध्ये डेड-बॉल युग म्हणतात. एकच चेंडू डावामागून डाव वापरायचे. तो मऊ पडायचा, माती आणि तंबाखूच्या थुंकीने काळपट व्हायचा. पिचर त्यावर उघडपणे थुंकी लावायचे, तेव्हा तो नियमात बसणारा प्रकार होता. आपल्याकडे पन्नास-साठ षटकांचा जुना चेंडू संध्याकाळच्या उजेडात कसा वागतो ते आठवा, आणि पूर्ण मोसम तसाच चेंडू खेळायचा आहे अशी कल्पना करा. मैदानंही अफाट असायची, म्हणून दोघांच्या तक्त्यात होम रनच्या दुपटीहून जास्त ट्रिपल आहेत. चेंडू कुंपणापलीकडे जायचा नाही, मोकळ्या जागेत पडायचा आणि फलंदाज धावत सुटायचा. १९०९ मध्ये कॉबचे नऊच्या नऊ होम रन असे मैदानातल्या मैदानात धावून काढलेले होते.

१९११ च्या मोसमात बुचाच्या गाभ्याचा जास्त उसळणारा चेंडू रूढ झाला आणि सरासऱ्या एकदम चढल्या. १९२० पासून थुंकी लावण्यावर बंदी आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्लीव्हलँडचा रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून मरण पावला, त्यानंतर मळके चेंडू बदलण्याचा आग्रह वाढला. वॅग्नर १९१७ लाच निवृत्त झाला होता. कॉबला मात्र स्वच्छ, उसळत्या चेंडूची नऊ वर्षं मिळाली.

हे हिशेबात कसं आणायचं? सोपी रीत अशी: त्या वर्षी त्या लीगची एकूण सरासरी किती होती ते शेजारी लिहा. १९०८ मध्ये वॅग्नर ०.३५४, आणि पूर्ण नॅशनल लीग ०.२३९. १९११ मध्ये कॉब ०.४२०, आणि पूर्ण अमेरिकन लीग ०.२७३. आता भागाकार करा. वॅग्नर लीगच्या १.४८ पट, कॉब १.५४ पट. कागदावर ६६ सहस्रांशांची दरी दिसत होती, ती बरीच भरून आली. कॉब तरीही पुढे आहे, पण आता दोघं एकाच रस्त्यावर चालताना दिसतात.

यापुढची पायरी म्हणजे ओपीएस प्लस. ऑन-बेस आणि स्लगिंग दोन्ही घेऊन, लीगची पातळी आणि घरच्या मैदानाचा गुणधर्म वजा करून हा आकडा काढतात. १०० म्हणजे त्या वर्षीचा सरासरी फलंदाज, १५० म्हणजे त्याच्यापेक्षा पन्नास टक्के वरचढ. आणि इथे गंमत बघा: कॉबचं ०.४२० वालं १९११ येतं १९६ वर. वॅग्नरचं ०.३५४ वालं १९०८ येतं २०५ वर! सरासरीत मागे असलेला मोसम एकूण फलंदाजीत पुढे निघाला, कारण त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये धावा इतक्या दुर्मीळ होत्या की वॅग्नरच्या लांब फटक्यांचं मोल फार होतं. त्या मोसमात सरासरी, हिट, डबल, ट्रिपल, धावा घडवणं, बेस चोरणं, सगळ्यांत तो लीगमध्ये पहिला. फक्त होम रनमध्ये दोनने मागे, दुसऱ्याचे १२ आणि याचे १०. चौतीस वर्षांचा होता तेव्हा.

पण एक मोसम म्हणजे कारकीर्द नव्हे. पूर्ण कारकिर्दीचा ओपीएस प्लस कॉबचा १६८, वॅग्नरचा १५१. काळाचा फायदा-तोटा काढून टाकल्यावरही फलंदाज म्हणून कॉब वरचा आहे, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

जे आकडे जपून वापरायचे

चोरलेल्या बेसवरून कुणी निकाल देत असेल तर विचारा, किती वेळा पकडला गेला? कारण त्या काळातल्या बऱ्याच वर्षांची ती नोंद उपलब्धच नाही. कॉबच्या १९१५ ची आहे: ९६ बेस चोरले, ३८ वेळा पकडला गेला. ९६ हा विक्रम १९६२ पर्यंत टिकला, आणि तरी दर शंभरात अठ्ठावीस वेळा तो बाद होत होता. वॅग्नरच्या बहुतेक वर्षांबद्दल असा हिशेब करता येत नाही, म्हणून ८९७ आणि ७२३ हे दोन आकडे मी तक्त्यात ठेवतो, पण निकालात धरत नाही.

किती धावा घडवल्या, म्हणजे आरबीआय, हा आकडा अधिकृतपणे १९२० पासून मोजायला लागले. त्याआधीचे आकडे नंतर जुन्या वर्तमानपत्रांवरून जुळवलेले आहेत. शिवाय आपल्या आधीचे फलंदाज बेसवर असतील तरच ते वाढतात. सोडून द्या.

आणि सात सामन्यांची मालिका. वर्ल्ड सिरीज म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली लढत, आणि १९०९ ची ही या दोघांची त्या मंचावरची एकमेव गाठ. वॅग्नर २४ पैकी ८, म्हणजे ०.३३३, सहा बेस चोरले. कॉब २६ पैकी ६, म्हणजे ०.२३१, दोन बेस चोरले. पिट्सबर्ग जिंकलं. वॅग्नरचे चाहते हे आकडे तोंडपाठ सांगतात. सांगू द्या, मालिका मोठीच झाली होती. पण दोन हिटने निकाल फिरेल एवढ्या खेपांवर चोवीस वर्षांची कारकीर्द तोलता येत नाही.

तो कुठे उभा होता?

आता शॉर्टस्टॉप. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ही जागा. उजव्या हाताच्या फलंदाजाने ओढलेले जमिनीलगतचे सरसरते चेंडू सगळ्यात जास्त इथे येतात. वाकून उचलायचा, वळायचं आणि लांबवरच्या पहिल्या बेसवर फलंदाज पोचायच्या आत फेकायचा. वॅग्नरच्या काळचा ग्लोव्ह म्हणजे हातमोज्याहून थोडा जाड कातड्याचा तुकडा, आणि मैदान खडेखुडे असलेलं. या जागेवर टिकेल असा माणूस मिळणंच कठीण, मग तो फलंदाजीही करू शकला तर पर्वणी. वॅग्नर सुरुवातीला आउटफिल्ड, पहिला बेस, तिसरा बेस असा कुठेही खेळायचा. १९०१ मध्ये शॉर्टस्टॉपला पहिल्यांदा उभा राहिला, १९०३ पासून तिथलाच झाला, आणि फलंदाजीच्या आपल्या आठ किताबांपैकी सात त्याने त्या जागेवर उभं राहून घेतले, त्यातला शेवटचा १९११ मध्ये, ३७ व्या वर्षी.

आपण यष्टिरक्षकाची सरासरी निव्वळ फलंदाजाच्या सरासरीशी सरळ ताडत नाही. दिवसभर उठाबशा काढून जो पन्नास करतो, त्याच्या पन्नासाला आपण मनात आपोआप वजन देतो. शॉर्टस्टॉपचं तसंच आहे.

क्षेत्ररक्षणाचे आकडे मात्र थेट वाचू नका. शॉर्टस्टॉप म्हणून वॅग्नरची अचूकता ०.९४० च्या आसपास. आजच्या शॉर्टस्टॉपशी ताडली तर ती गचाळ वाटेल, पण त्या ग्लोव्हने आणि त्या मैदानावर ती चांगली होती. इथेही नियम तोच, शेजारी त्या काळचा माणूस ठेवून बघायचं.

फलंदाजी, धावणं, क्षेत्ररक्षण आणि जागा या सगळ्यांची एकत्र किंमत काढायला वॉर नावाचा आकडा वापरतात. साध्या बदली खेळाडूपेक्षा या माणसाने संघाला किती विजय जास्त मिळवून दिले, असा त्याचा अर्थ. बेसबॉल रेफरन्सवर कॉब साधारण १५१, वॅग्नर साधारण १३१. फॅनग्राफ्स या दुसऱ्या संकेतस्थळावर गेलात तर हेच अंतर जवळजवळ निम्म्यावर येतं, कारण जुन्या क्षेत्ररक्षणाचा अंदाज दोघं वेगळ्या रीतीने बांधतात. शंभर वर्षांपूर्वी कुणी किती चेंडू अडवले हे पाहायला चित्रफीत नाही. त्यामुळे वॉरमधल्या दहा-पंधराच्या फरकावर मी भांडण करत नाही. कॉब तीन मोसम जास्त खेळला, हेही त्यात आहेच.

जे मैदानात नव्हते

वहीच्या शेवटच्या पानावर हे लिहाच. कॉब आणि वॅग्नर खेळले त्या दोन्ही लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. जॉन हेन्री लॉइड त्याच काळातला शॉर्टस्टॉप. त्याला लोक 'ब्लॅक वॅग्नर' म्हणायचे, आणि तरी वॅग्नरच्या लीगमध्ये त्याला एकही सामना खेळता आला नाही. म्हणून 'लीगच्या सरासरीपेक्षा किती पट' असं आपण म्हणतो तेव्हा ती सरासरी निम्म्या दरवाजांना कुलूप लावून काढलेली आहे, हे ध्यानात असू द्या. २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ च्या नीग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदीत घेतले, आणि कारकिर्दीच्या सरासरीत जॉश गिब्सन ०.३७२ सह कॉबच्या वर गेला. कॉबचा विक्रम अभेद्य आहे असं लिहिलेला जुना लेख वाचत असाल तर त्याचं वर्ष आधी पाहा.

मग मी काय ठरवलं? एका खेपेला एकच फलंदाज पाठवायचा असेल तर कॉब, डोळे मिटून. पण कोऱ्या कागदावर संघ उभारायचा असेल तर पहिलं नाव मी वॅग्नरचं लिहीन, कारण कॉबच्या जवळपास जाणारे आउटफिल्डर त्या काळात होते, ट्रिस स्पीकर होता. वॅग्नरच्या जवळपास जाणारा शॉर्टस्टॉप त्या दोन लीगमध्ये मला तरी सापडत नाही. १९३६ मध्ये हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीच्या, पहिल्या मतदानात २२६ पैकी कॉबला २२२ मतं पडली, वॅग्नरला २१५, बेब रूथइतकीच. मत देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी दोघांना प्रत्यक्ष पाहिलं होतं.

पद्धत हाताला बसवायची असेल तर पुढची जोडी पिचरांची घ्या: साय यंग आणि वॉल्टर जॉन्सन. यंग १८९० ते १९११, जॉन्सन १९०७ ते १९२७. यंगचे विजय ५११, जॉन्सनचे ४१७. पण समोरच्या संघाला एकही धाव न देता संपवलेले सामने यंगचे ७६, जॉन्सनचे ११०. स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज, यंगचे २८०३, जॉन्सनचे ३५०९. यंगने सुरुवात केली तेव्हा पिचर आजच्यापेक्षा जवळून चेंडू टाकायचा, साठ फूट सहा इंचांचं अंतर १८९३ पासून आलं. म्हणून यंगचे मोसम त्या वर्षापाशी रेघ मारून दोन भागांत लिहा, जॉन्सनचे १९२० पाशी, आणि मग भागाकाराला लागा. भाच्याने यंगची बाजू घेतली आहे. माझी वही अजून अर्धीच भरली आहे.